दांड्याच्या दोन्ही बाजूंना

अंबादासकाकांना चहा पुरे झाला की ते "बस" म्हणत नसत. उजव्या हाताची दोन बोटं जोडून वर उचलायचे. पहिल्यांदा त्यांना चहा ओतताना मला वाटलं, त्यांना दोन कप हवेत. मी ओतत राहिले आणि चहा बशीतून त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. ते ओरडले नाहीत. पायजमा झटकत म्हणाले, "बिड्डा, ही बोटं वर गेली की गाडी सोडायची असते. तू अजून माल भरतीयस की."

बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू. काका नोकरीभर सोलापूरच्या जकात नाक्यावर कारकून होते. शहराच्या कडेला, हैदराबाद रस्त्यावर, तेव्हा एक लोखंडी दांडा आडवा असायचा. बाहेरून माल घेऊन येणारी गाडी तिथे थांबायची. काका कागद बघायचे, ताडपत्रीखाली हात घालून माल चाचपायचे, जकात भरली गेली की दोन बोटं वर करायचे. पलीकडे दोरी धरून बसलेले दस्तगीरभाई दांडा उचलायचे. पुढे जकात बंद झाली. दांडा गेला, दस्तगीरभाईही गेले. काकांची बोटं तेवढी राहिली.

मला लिहायची फारशी सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि परीक्षेचे पेपर आणि कॉलेजचा एक प्रकल्प सोडला तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझं कॉलेज सुटणार होतं. ते सुटलं नाही ते या माणसामुळे. तेव्हा चुकतमाकत का होईना, लिहायला हवं.

आमची ओळख भांडणातूनच झाली. आम्ही करमाळा तालुक्यातले. वडील आणि धाकटा भाऊ शेतावर राहिले, आणि माझ्या कॉलेजसाठी आई मला घेऊन सोलापुरात आली. भवानी पेठेत काकांच्या घरामागची एक खोली आम्हाला भाड्याने मिळाली. सामानाची हातगाडी बोळात शिरली तर दारात बनियन घातलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा असलेला एक म्हातारा उभा. त्याने हात आडवा केला.

"काय हाय आत?"

"भांडी हायत," आई म्हणाली.

"आणि त्या गोणीत?"

"कांदं."

"कुठनं आले?"

"करमाळ्याकडनं. तुमाला काय करायचंय पर? जकात घेताय व्हय आमच्याकडनं?"

बोळातल्या बायका इतक्या हसायला लागल्या की आई गोंधळली. तिला काहीच माहीत नव्हतं. काका मात्र गंभीरच होते. "घेतली असती की," ते म्हणाले, "पण सरकारनं बंद केली. कांदा खाली ठेवू नका. मागच्या भिंतीला ओल हाय. माळ्यावर टाका." आणि दोन बोटं वर केली. आमची हातगाडी आत गेली.

नंतर कळलं, त्यांच्या दारावरून जाणारी कुठलीच पिशवी सुटत नसे. भाजीवाली असो, शाळेतून येणारी पोरं असोत, "काय हाय आत?" हा प्रश्न ठरलेला. पोरं मुद्दाम दप्तर उघडून दाखवायची आणि "काका, पास?" म्हणायची. बोटं वर झाली की पळायची. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा हैदराबादेत नोकरीला होता. दारात बसून ये-जा बघणं हाच काकांचा दिवस. त्यांच्या कानावर कायम एक पेन्सिल असायची. लिहिण्याआधी ते तिचं टोक जिभेला लावायचे. पूर्वी नाक्यावर जांभळी शाईपेन्सिल मिळायची, ती ओली केल्याशिवाय उमटत नसे. आता पेन्सिल साधी होती, तरी ते जीभ लावायचेच. मी एकदा म्हटलं, "काका, याला गरज नाही." तर म्हणाले, "पेन्सिलीला नसंल. मला हाय."

आईला टॉवेलच्या एका कारखान्यात काम मिळालं. टॉवेलचे काठ दुमडून शिवायचे आणि कोपऱ्यात लेबल बसवायचं. तो सगळा माल अमेरिकेला जाणारा. लेबलावर तिकडच्या दुकानाचं इंग्रजी नाव असायचं. आईला ते वाचता येत नव्हतं, पण सरळ कुठलं आणि उलटं कुठलं हे तिला अक्षरांच्या आकारावरून कळायचं. ती म्हणायची, "तिसऱ्या अक्षराला शेपूट हाय. शेपूट खाली आलं की बरुबर."

मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर मोठं आयात शुल्क लावलं. वर्तमानपत्रात रोज तेच. आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी मला प्रकल्पाला हाच विषय दिला. "सोलापुरात राहून याच्यावर तू लिहायचं नाही, तर कोणी?" त्या म्हणाल्या. मी मोबाइलवर शोधून वीस पानं उतरवली. मॅडमनी ती चाळली आणि परत दिली. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मनीषा, यात तू कुठे आहेस?"

वही घेऊन घरी आले, तर दारात नेहमीचा प्रश्न.

"काय हाय आत?"

"प्रकल्प आहे, काका. परत आलाय."

"कशाचा?"

"जकातीचा," मी म्हटलं. आयात शुल्क हा शब्द त्या क्षणी सुचलाच नाही. काकांनी चष्मा वर सरकवला आणि उंबऱ्यावर सरकून मला जागा केली.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि माझ्या पहिल्याच वाक्याखाली रेघ मारली. मी लिहिलं होतं, 'अमेरिकेने लावलेले हे शुल्क भारताला भरावे लागते.'

"नाक्यावर जकात कोण देत होतं?" त्यांनी विचारलं.

"ट्रकवाला."

"तो काय बापाच्या खिशातनं देतो? माल कुणाचा?"

"व्यापाऱ्याचा."

"कुठल्या गावचा व्यापारी?"

"सोलापूरचा. ज्याने माल मागवलाय तो."

"मग अमेरिकेच्या नाक्यावर?"

"अमेरिकेचा व्यापारी." मला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे आपल्याला काही फरकच नाही?"

काका हसले. त्यांचे वरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसणं नेहमी थोडं शिटीसारखं यायचं. "आता तुझी गाडी नाक्यावर आली. अजून पास न्हाय झाली. जकात देणारा ते पैसे अंगावर ठेवत न्हाय, बिड्डा. ढकलतो. पुढं गिऱ्हाइकावर ढकलतो. गिऱ्हाईक घेईना झालं की मागं, कारखान्यावर. म्हणतो, भाव पाड न्हायतर माल नको. कारखानदार सूतवाल्यावर ढकलायला बघतो. सूतवाला लई चिवट. मग कारखानदार..." 

आई बाजूलाच शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माज्यावर," ती म्हणाली. "ह्या आठवड्यापासनं तीनच दिस बोलीवलंय. आता मी कुनावर ढकलू? ह्या शेंगांवर?"

मला तोवर तिने हे सांगितलं नव्हतं. काकांनाही ते ठाऊक नसावं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. बोटंही वर झाली नाहीत.

पण त्या दिवसापासून मी रोज त्यांच्या उंबऱ्यावर बसायला लागले. काका अर्थशास्त्र शिकलेले नव्हते. कॉलेजात एकच वर्ष गेले आणि नाक्यावर चिकटले. शिकवणं असं ते करतच नसत. मी वाक्य वाचायचे, ते प्रश्न विचारायचे. उत्तर पटलं की दोन बोटं. त्या दोन बोटांसाठी मी एकेक वाक्य चार-चारदा लिहिलं आहे.

त्यांचं एक वाक्य होतं. "दांडा खाली आला की रांग दोन्हीकडं लागते." मला ते पटायचं नाही. रांग तर बाहेरून येणाऱ्यांची लागते. आतल्यांना कसली रांग? तेव्हा त्यांनी हाराची गोष्ट सांगितली.

त्या काळात बाहेरगावाहून चादरी यायच्या. दिसायला सोलापुरीच, पण दोन धुण्यांत विरायच्या. पेठेतल्या माग चालवणाऱ्या विणकरांचा धंदा त्यांनी बसवला होता. एकदा काकांनी अशा चादरींची गाडी पकडली. कागदावर कमी जकातीच्या घोंगड्या लिहिलेल्या आणि ताडपत्रीखाली चादरी. पूर्ण जकात आणि वर दंड. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीने काकांना हार घातला. त्यांचा मोठा भाऊ, ज्याचे घरात दोन माग होते, तो सगळ्यांत पुढे.

"लई मोठा हार. वास येत होता झेंडूचा," काका म्हणाले. "महिना गेला. सुताची गाडी आली. कागदावर एक शिक्का कमी. मी म्हटलं, थांब. नियम म्हणजे नियम की. दोन दिवस गाडी उभी. आणि ते सूत कुणाचं? ह्याच गल्लीचं. माग बंद. दोन दिवस पेठेत खटखट न्हाय. एवढी शांतता मी कधी ऐकली न्हाय."

"मग?"

"हार घालणारे तेच, शिव्या देणारे तेच. भाऊ बोलंना. वहिनी माझा डबा द्यायची, दोन दिवस नुसती भाकरी आली. शेंगाचटणी न्हाय. सोलापुरात डब्यात चटणी न्हाय म्हणजे काय ते समज."

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "भावाच्या मागावर एक कामगार होता. चांगला हात. दोन दिवस काम न्हाय म्हणून गेला भिवंडीला. शनिवारी येतो म्हणाला होता. आलाच न्हाय परत. मी कागद बघितला, बिड्डा. रांगेत कोण उभं हाय ते बघितलं न्हाय."

ती गोष्ट मी प्रकल्पात लिहिली. बाहेरचा पक्का माल अडवला की आतला कारागीर खूश, पण त्याच कारागिराचा कच्चा माल त्याच नाक्यावर अडला की तोच रस्त्यावर. मॅडमनी त्या पानावर पहिल्यांदा 'छान' लिहिलं.

काकांना दांड्याचा राग होता असं मात्र नाही. कोणी नाक्याला शिव्या दिल्या की ते चिडायचे. "शहराचे नळ त्याच पैशावर चालले. दिवे त्याच्यावर लागले." मॅडमनी वर्गात शिकवलं होतं की इंग्रजांच्या राज्यात विलायतेच्या कापडाला इथे मोकळी वाट होती, आणि पुढे त्याच्यावर थोडं शुल्क आलं तेव्हा त्याची बाजू पडती होऊ नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही कर बसवला होता. मी ते काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मान हलवत राहिले. "म्हणजे नाका वेशीवर न्हाय, घराच्या आतच टाकला. पाव्हण्याला सोडायचं आणि घरच्याला अडवायचं." 

मग मी त्यांना बाल्यावस्थेतल्या उद्योगांचं सांगितलं. नवा धंदा लहान लेकरासारखा असतो, म्हणून तो मोठा होईपर्यंत बाहेरच्या स्पर्धेपासून त्याला राखावं, असं पुस्तकात आहे. काका म्हणाले, "बरुबर हाय. पांगुळगाडा लागतोच की. पण दाढी आलेला गडी पांगुळगाड्यात बसला तर?"

"मग गाडा काढून कधी घ्यायचा, काका?"

"लेकराच्या आईला कळतं. मंत्र्याला कळत न्हाय," ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की बोळातल्या तिघा-चौघांना बोलावून तो पुन्हा सांगितला. मी तेच वाक्य प्रकल्पात लिहू का, असं विचारलं तर घाबरले. "मंत्र्याचं काढ. गाड्याचं ठेव."

वडील कांदा घेऊन मार्केट यार्डात आले की एक रात्र आमच्याकडे थांबत. मागे एकदा सरकारने कांदा देशाबाहेर जाण्यावरच बंधनं घातली होती. तो माल सगळा इथेच पडला आणि भाव कोसळला. त्या वेळी वडील काकांच्या ओट्यावर बसून म्हणाले होते, "दुसऱ्याच्या मालाला दांडा टाकत्यात हे ऐकलं व्हतं. आपल्याच मालाला आपूनच? भायेर जायाला?"

समोरच्या घरातल्या बाई तेवढ्यात पिशवी घेऊन आल्या. "काय हाय आत?" काकांनी विचारलं. "कांदे," त्या आनंदाने म्हणाल्या. "लई स्वस्त झालेत, काका. पाच किलो घेतले." वडील त्या पिशवीकडे बघत राहिले. काकांनी बाईंना बोटं वर करून सोडलं आणि वडिलांच्या पुढे चहाची बशी सरकवली. दोन्हीकडच्या रांगेचं ते वाक्य तेव्हा त्यांनी म्हटलं नाही. त्यांना ते म्हणता आलं असतं. मला हे सगळं आठवलं पुष्कळ नंतर, प्रकल्प लिहिताना, आणि तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की रांग खरंच दोन्हीकडे असते. एका बाजूला माझे वडील आणि दुसऱ्या बाजूला टॉवेल शिवणारी माझी आई, आणि मध्ये कुठेतरी स्वस्त कांद्याने खूश झालेल्या समोरच्या बाई. मॅडमनी विचारलं होतं ना, यात तू कुठे आहेस. मी तिथेच होते.

दिवाळीनंतर आईचे तीन दिवसही गेले. कारखान्यात तयार माल पडून होता, पण तिकडून मागणी थांबली. देशातच विकायचा, तर कोपऱ्यात तिकडच्या दुकानाचं लेबल. ते काढल्याशिवाय इथे कोणी घेईना. मग कारखान्याने टॉवेलांचे गठ्ठे घरोघरी वाटले. लेबलं उसवायची. जी बाई ती शिवत होती, तिनेच.

आमच्या खोलीत छतापर्यंत गठ्ठे आले. आईने पहिला टॉवेल मांडीवर घेतला, अर्धं ब्लेड घेतलं आणि नुसती बघत बसली. "माजाच टाका हाय," ती म्हणाली. "किती बारीक घातलाय बग."

उसवणीला शिवणीच्या निम्मेसुद्धा मिळत नव्हते. आईने वडिलांशी फोनवर बोलून घेतलं आणि मला म्हणाली, "मने, ह्या वर्षी कालेज ऱ्हाऊ दे. दोघी बसलो तर गठ्ठं उरकत्याल. पुढल्या साली बगू." तिचा आवाज खाली होता. मला माहीत होतं की पुढल्या साली कोणी बघत नाही. आमच्या गावात 'पुढल्या साली' म्हणून शाळा सोडलेल्या मुलींची लग्नं झाली आहेत. पण आईला नाही म्हणायचं कसं? मी हो म्हटलं. वही ट्रंकेत ठेवली आणि ब्लेड घेतलं.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. लेबल वरून ओढलं आणि खालचा काठच टरकन फाटला. आईने फाटलेला काठ बोटांनी जुळवून बघितला, तेच जास्त लागलं. मी तो टॉवेल घेऊन काकांच्या उंबऱ्यावर गेले आणि मला रडू आलं. काकांनी "काय हाय आत?" विचारलं नाही. टॉवेल हातात घेतला, उजेडात धरला. घरातून सुई आणून विणकराच्या गाठीने तो काठ असा सांधला की कुठे फाटला होता ते मलाच सापडेना. मग दुसरा टॉवेल उलटा करून म्हणाले, "वरनं ओढायचं न्हाय. मागनं बघ. दर तिसरा टाका काप, मग लेबल आपोआप वर येतं. आणि ही भोकं दिसतात ना? टॉवेल हाय. एकदा धुतला की बुजतात."

"काका, मी कॉलेज सोडलंय," मी म्हटलं.

ते म्हणाले, "हूं." बस.

मला त्यांचा राग आला. इतके दिवस वाक्यं तपासली, आणि आता फक्त हूं?

चार-पाच दिवसांनी एक गोष्ट लक्षात आली. मी सकाळी पाणी भरून येईपर्यंत माझ्या वाट्याचा गठ्ठा कमी झालेला असायचा. दुपारी पुन्हा कमी. झालेले टॉवेल एका विशिष्ट तऱ्हेने रचलेले असायचे. दहा एका दिशेने, पुढचे दहा आडवे. आई तसं रचत नाही. आणि लेबल असं काढलेलं, की एक दोरा लोंबत नव्हता.

"आई, हे तू उसवलंस?"

"मग काय भुतानं?"

"आई."

तिने ब्लेड खाली ठेवलं. "अंबादासमामा घेऊन जात्यात. तुला सांगू नका म्हनलेत. म्या म्हनलं, तुमचं डोळं, तुमचं वय. ऐकत्यात व्हय? म्हनले, पोरीचा गठ्ठा मला द्या आनि पोरीला वही द्या." तिने पदराने नाक पुसलं. "तीन दिस झालं, वही ट्रंकेतनं काढून फळीवर ठिवलीया म्या. तुज्या ध्येनातच आलं न्हाय."

मी काकांकडे गेले. दुपार होती. ते आतल्या खोलीत, खिडकीखाली, दोन चष्मे एकावर एक चढवून बसले होते. मांडीवर टॉवेल. पूर्वी जिथे भावाचे माग होते ती हीच जागा, जमिनीत अजून खुणा आहेत. बाजूला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात लेबलं. मी दारात उभी राहिले.

"काका, कशाला हे?"

त्यांनी तिसरा टाका कापला, मग तिसरा. मान वर न करता म्हणाले, "माझ्यामुळं रांगेत थांबलेले लई झाले, बिड्डा. एक गाडी तरी लवकर जाऊ दे." मग थोडं करड्या आवाजात, "आणि उजेड अडवू नको. दारातनं बाजूला हो. जा, लिही."

मी गेले आणि लिहिलं. पहिली वीस पानं टाकून दिली. आईला विचारून तिच्या हाताचं लिहिलं, वडिलांना फोन करून कांद्याचं, काकांना विचारून सुताच्या गाडीचं. शुल्क वाईट की चांगलं हे मी शेवटपर्यंत ठरवू शकले नाही. तसं प्रामाणिकपणे लिहिलं. पण ते ठरवणाऱ्याने आधी रांगेत कोण उभं आहे ते बघावं, एवढं मात्र नक्की लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर होते. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "शेवटी आयात शुल्क भरतं कोण? एका वाक्यात सांगा." मी म्हटलं, "सर, कागदावर आयात करणारा. खरं म्हणजे, जो ते पुढेही ढकलू शकत नाही आणि मागेही ढकलू शकत नाही, तो." आणि प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेलं लेबल दाखवलं. "हे माझ्या आईने शिवलं आणि आमच्या शेजारच्या काकांनी उसवलं." सरांनी ते लेबल बोटाने चाचपून पाहिलं. मग त्यांनी वही मिटली आणि मला जायला सांगितलं. मी पास झाले. आता एम.ए.ला आहे.

आईचं काम पुन्हा थोडंफार सुरू झालं आहे, आता हॉटेलांसाठीच्या टॉवेलांचं. लेबल नसतं. तिला अजून ते चुकल्यासारखं वाटतं. ती कोपऱ्यात बोट फिरवून बघते.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मला अपराधी वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, हा जुनाच आहे. तरी मी अजून मनातून तो माझ्या गठ्ठ्यांशी जोडते. ऑपरेशनसाठी मुलगा हैदराबादहून गाडी घेऊन आला आणि त्यांना कायमचंच न्यायचं ठरलं. जाताना सामान थोडंच होतं. एक ट्रंक, एक गादी, शेंगाचटणीची बरणी. चटणी आईने कुटून दिली होती. मी दारात आडवा हात केला.

"काय हाय आत?"

काका थबकले. उन्हाचा त्रास होतो म्हणून डोळ्यांवर काळा चष्मा होता. "जुना माल," ते म्हणाले. "जकात माफ."

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मला रडायचं नव्हतं म्हणून मी तिचं टोक जिभेला लावलं. ते शिटीसारखं हसले.

मार्केट यार्डापर्यंत मी आणि आई त्यांच्याच गाडीत गेलो. वडील त्या दिवशी कांदा घेऊन आले होते आणि त्यांनाही काकांना भेटायचं होतं. भेट झाली. काकांनी वडिलांचा हात हातात घेतला. मग आम्ही तिघे यार्डाच्या फाटकात उभे राहिलो आणि गाडी निघाली. पुढे थोड्याच अंतरावर, फाटकातून दिसेल अशी, जुन्या नाक्याची जागा आहे. खोली पडली आहे, दांडा ज्याच्यावर टेकायचा तो सिमेंटचा खांब तेवढा उरला आहे. त्याला कोणीतरी शेळी बांधली होती.

गाडी तिथे आली आणि जरा हळू झाली. खड्डा असेल, किंवा काकांनीच मुलाला सांगितलं असेल. मागच्या खिडकीतून त्यांचा उजवा हात बाहेर आला. दोन बोटं जोडून वर उचलली होती. समोर रस्ता मोकळाच होता. गाडी निघून गेली, तरी लांबपर्यंत तो हात तसाच दिसत होता.